गोंदेश्वर की कोपेश्वर, एकच जमणार असेल तर?

नाशिकजवळच्या सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर बघू का कोल्हापूरकडच्या खिद्रापूरचं कोपेश्वर, असं विचारणारे बरेच भेटतात आणि सुट्टी असते एकाच दिवसाची, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. आधी एक गोष्ट क्लिअर करतो, दोन्हींना लोक सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतात पण हेमाडपंत यादवांच्या दरबारात होते ते १३ व्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि ही दोन्ही मंदिरं त्यांच्या आधीची. चुना न वापरता दगडात दगड अडकवायचं कसब आधीपासूनच होतं, त्या कारागिरांचं क्रेडिट त्यांनाच द्या प्लीज.

गोंदेश्वर यादवांचं, सिन्नर ही त्यांची देवगिरीच्या आधीची राजधानी. हे मंदिर बाहेरून बघायचं. मोठ्या जोत्यावर मधे महादेव, समोर नंदीमंडप आणि चार कोपऱ्यांत पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू यांची छोटी देवळं, म्हणजे अख्खं पंचायतन एका नजरेत मावतं. शिखर भूमिज पद्धतीचं, चार बाजूंना खालून वर जाणारे उभे पट्टे आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या छोट्या शिखरांच्या रांगा, वर जाताना लहान लहान होत गेलेल्या, माळेत मणी ओवल्यासारख्या. आणि हे शिखर शाबूत आहे, हे फार मोठं आहे हो! अंबरनाथचं शिवमंदिर (तिथला शिलालेख १०६० चा) याच शैलीतलं म्हणता येईल पण त्याचं शिखर गेलंय, त्यामुळे गोंदेश्वर बघून अंबरनाथला गेलात तर वर काय असायला हवं होतं ते डोळ्यापुढे येतं.

कोपेश्वर मात्र आत जाऊन बघायचं. कोल्हापूरच्या शिलाहार राजांनी १२ व्या शतकात बांधलेलं, कृष्णेकाठी, शिरोळ तालुक्यात. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा आणि छताला मधोमध १३ फुटांचं गोल मोकळं आकाश, बरोबर खाली जमिनीवर तेवढीच गोल दगडी शिळा, तिला रंगशिला म्हणतात. मी दुपारी गेलो होतो, उन्हाचा कवडसा हळूहळू एका खांबावरून दुसऱ्यावर सरकत होता आणि खांब असे गुळगुळीत की हात काढवत नाही, तासभर तिथेच बसून राहिलो. बाहेर आलात की खालचा हत्तींचा थर सावकाश फिरून बघा. इथे महादेवासमोर नंदी नाही, तो नदीपलीकडे यडूरला आहे असं गावकरी सांगतात. आणि दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा संस्कृत शिलालेख आहे, म्हणजे शिलाहारांचं राज्य घेतलं तरी देवाला यादवांनी दान दिलं, मला ही गोष्ट फार आवडते.

माझं मत विचाराल तर, मंदिरं बघायची सवय नसेल, बरोबर आईवडील असतील तर गोंदेश्वर, पुणे-नाशिक हायवेवरून सहज आत वळता येतं आणि मंदिराचे सगळे भाग जागेवर असल्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्यालाही रचना कळते. याआधी दोनचार जुनी मंदिरं नीट बघितली असतील तर मात्र सरळ खिद्रापूर, कोल्हापूरहून ६० एक किलोमीटर वाकडी वाट पडली तरी. फक्त भर पावसाळ्यात नको, कृष्णेला पूर आला की गावचा रस्ताच बंद होतो. आणि टॉर्च न्या, स्वर्गमंडपातून आत गेलं की पुढे मिट्ट काळोख आहे आणि बघण्यासारखं बरंच काही त्या काळोखातच आहे.