एफडी म्हणून दिली, निघाली विमा पॉलिसी

एफडीची मुदत संपली की बँकेच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, “काका, नवीन स्कीम आहे, व्याज जास्त. एकदाच भरायचे, 5 वर्षांनी परत.” सह्या होतात, ओटीपी सांगितला जातो आणि काही दिवसांनी हातात विम्याची पॉलिसी येते. एकदाच म्हणून भरलेले 2 लाख हा पहिल्या वर्षाचा हप्ता होता, असे अजून 6 किंवा 9 भरायचे आहेत, हे पुढच्या वर्षीच्या मेसेजवरून कळतं. फॉर्मही सोयीने भरलेला असतो: पेन्शनरचं उत्पन्न फुगवलेलं, ईमेल विकणाऱ्याचा, वय बसत नसेल तर विमा मुलाच्या नावावर.

खरी गोम खातरजमेच्या फोनमध्ये असते. पॉलिसी देण्याआधी बऱ्याच कंपन्या तो करतात आणि रेकॉर्ड करतात. विकणाऱ्याने आधीच पढवलेलं असतं, “फोन येईल, सगळ्याला हो म्हणा, नाहीतर काम अडेल.” पलीकडची व्यक्ती भरभर वाचत जाते, आपण अडाणी दिसू नये म्हणून माणूस हो-हो करतो. पुढे तक्रार केली की कंपनी तेच रेकॉर्डिंग काढते. इथे विम्यातलं काही कळण्याची गरज नाही. “समजलं नाही, मराठीत सांगा. मला ही एफडी म्हणून दिली आहे. हप्ता किती वर्षं?” एवढं रेकॉर्डवर गेलं तरी बाजू भक्कम होते. काम अडलं तर अडू द्या, ते अडायलाच हवं.

पॉलिसी आली की पहिल्या पानांवर दोन मुदती बघा: हप्ते भरायची आणि पॉलिसीची. शंका आली तर पॉलिसी मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांचं जोखमीचं शुल्क (म्हणजे विमा संरक्षणाचा खर्च), वैद्यकीय तपासणी आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे मिळतात. “साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या” हे याच दिवसांत सुरू होतं. सगळं समजून घेऊन मग बोलू, असं म्हणणाऱ्यांचे 30 दिवस असेच जातात. अर्ज बँकेकडे नाही, थेट विमा कंपनीकडे लेखी द्या, तारखेची पोच घ्या आणि पॉलिसी कधी मिळाली याचा पुरावा म्हणून तिचं पाकीट जपून ठेवा.

हे 30 दिवस उलटून गेले असतील तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि फोनचं रेकॉर्डिंग मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकीलही लागत नाही.