दाबाची ब्लीडर बाटली, चार महिने वापरल्यावर

ब्रेकमधली हवा काढायची ही बाटली घेतली ती बाबांच्या कानांमुळे.

ब्रेकमधली हवा काढायला एरवी दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबणार, दुसरा चाकापाशी पाना घेऊन निप्पल, म्हणजे हवा आणि ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी, उघडणार. आमच्याकडे पेडलवर बाबा. वय ७८, पायात जोर भरपूर, ऐकू मात्र येतं थोडंसं, तेही एकाच कानाने. मी चाकाच्या खोबणीतून ओरडायचे, "सोडू नका!" आतून यायचं, "सोडू का?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता सोडायचेच. निप्पल उघडं असताना पेडल वर आलं की जेवढी हवा काढली तेवढी परत आत. एका चाकावर दीड तास घालवला आणि पेडल होतं त्याहून मऊ झालं.

मूळ घोळ माझाच. गाडी जुनी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही चाकांना एबीएस, म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. पुढचे रबरी ब्रेक पाइप तडकले होते म्हणून बदलायला घेतले. जुना पाइप सोडवला, नव्याचा वॉशर सापडेना, शोधत बसले, आणि परत येईपर्यंत ब्रेक ऑइलची टाकी ठणठणीत कोरडी. पाइप बदलताना उघडं टोक बंद करून ठेवायचं असतं, हे मला माहीत होतं. केलं नाही.

हवाच आहे का, हे आधी ताडून बघितलं. पेडल भराभर तीन-चारदा मारलं की वर येऊन कडक व्हायचं, थोडं थांबलं की पुन्हा मऊ. मागच्या ड्रममधले शू झिजून लांब गेले असले तरी असं होतं, म्हणून ते आधी ऍडजस्ट केले. फरक नाही. पाय रोवून दाबून धरलं तर पेडल हळूहळू बुडत नव्हतं, म्हणजे मास्टर सिलिंडर, पेडलचा दाब ऑइलला देणारा, आतून गळत नव्हता. तो गळत असता तर कुठलीच बाटली कामाची नव्हती.

त्याआधी हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंपही वापरून झाला होता. निप्पलला नळी लावायची आणि खालून ऑइल ओढून घ्यायचं. नळीत बुडबुडे, बुडबुडे आणि बुडबुडेच. अर्धा लिटर ऑइल ओढलं तरी थांबेनात. मग ट्यूब पेटली: निप्पल ढिलं केलं की त्याच्या आट्यांतून बाहेरची हवा आत खेचली जाते, आणि आपण ती ब्रेकमधली समजून बसतो. आट्यांना बाहेरून ग्रीस थापलं की कमी होतं, पण खरा बुडबुडा कुठला आणि खोटा कुठला हे शेवटपर्यंत कळत नाही. तो पंप आता फक्त टाकीतलं जुनं ऑइल उपसायला वापरते.

ही बाटली उलट्या बाजूने काम करते. दोन लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, डोक्यावर हातपंप, मानेला दाबाचं गेज आणि एक लांब नळी. नळीच्या टोकाचं झाकण ब्रेक ऑइलच्या टाकीवर बसवायचं. बाटलीत ऑइल भरून पंप मारला की ते दाबाने टाकीत, तिथून मास्टर सिलिंडरमधून चाकापर्यंत ढकललं जातं. सगळीकडे आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त, त्यामुळे आट्यांतून हवा आत येत नाही. आलंच तर ऑइल बाहेर येतं. टाकी आपोआप भरत राहते. आणि पेडलवर कुणी लागत नाही. जुन्या गाडीत हाही फायदाच आहे, कारण पेडल तळापर्यंत मारत राहिलं की मास्टर सिलिंडरचे रबर एरवी जिथे जात नाहीत त्या गंजलेल्या भागावर घासतात आणि फाटू शकतात.

आता तक्रारी. बरोबर आलेलं 'सगळ्या गाड्यांना बसणारं' झाकण कुठल्याच गाडीला नीट बसत नसावं. एक सपाट पट्टी, खाली रबर, आणि टाकीखालून घालायची साखळी. माझ्या टाकीखाली साखळी घालायला बोटभर जागा नाही. कशीबशी आवळली आणि नशिबाने पहिल्यांदा बाटलीत ऑइल न घालता नुसती हवा भरून बघितली: दोन मिनिटांत गेजचा काटा शून्यावर, रबराच्या कडेने फुसफुस आवाज. ऑइल भरलं असतं तर सगळं इंजिनवर गेलं असतं. शेवटी माझ्या टाकीच्या आट्यांचं धातूचं झाकण वेगळं मागवलं. ते आल्यावर काटा दहा मिनिटं हलला नाही. घेणार असाल तर हे झाकण धरूनच हिशोब करा.

गेजही फारसं विश्वासाचं नाही. ब्रेकला साधारण १ बार, म्हणजे १५ पीएसआयच्या आसपास दाब पुरतो. त्याहून फार वर गेलं तर टाकीचं प्लास्टिक किंवा सील दगा देऊ शकतं. आणि नेमक्या त्याच पट्ट्यात काटा अडकतो. टिचकी मारली की उडी मारून पुढे जातो. टायरच्या गेजशी ताडून मी काचेवर मार्करने रेघ ओढून ठेवली आहे.

एक अपघात झाला तो बाटलीचा दोष नाही. काम झाल्यावर आधी बाटलीतली हवा सोडायची आणि मगच टाकीवरचं झाकण काढायचं. मी घाईत उलटं केलं. बचकभर ऑइल मडगार्डवर उडालं. लगेच पाणी ओतलं, पण झाकणीच्या कडेखाली गेलेला ओघळ दिसला नाही. दुसऱ्या दिवशी तिथला रंग नखाने सोलला जात होता.

प्रत्यक्ष काम मात्र सुखाचं. मॅन्युअलमध्ये चाकांचा जो क्रम दिला होता तोच पाळला. सगळ्यात लांबचं चाक आधी हे सगळ्या गाड्यांना लागू पडत नाही. निप्पलला सहा कोनांचा रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळी आधी वर वळवून मग बरणीत. पाव आटा उघडलं की आधी गढूळ तपकिरी ऑइल, त्यात एक बोटभर लांब हवेचा तुकडा, मग टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे ओळीने, मग स्वच्छ पिवळसर धार. ती धार दिसली की निप्पल बंद. चार चाकं, डॉट ४ प्रतीचं जवळजवळ एक लिटर ब्रेक ऑइल, पाऊण तास. ऑइल सीलबंद डब्यातलंच वापरा. ते हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस धरतात, ओलावा शोषल्यावर तोच १५५ पर्यंत येऊ शकतो. डॉट ५ तर सिलिकॉनचं, एबीएसच्या गाडीत त्याचं काम नाही.

पेडल छान वर आलं. मी खूश. जागेवरच पेडल तपासलं, आवारात चालण्याच्या वेगाने ब्रेक मारून बघितले, मग रिकाम्या मोकळ्या मैदानात खडीवर तिशीच्या वेगाने करकचून ब्रेक मारला. एबीएस लागलं, पेडल पायाखाली थरथरलं, घरघर झाली. आणि पुढचा ब्रेक दाबला तर पुन्हा तोच स्पंज.

इथे या बाटलीचं काम संपतं, आणि जाहिरातीत 'एबीएससाठी योग्य' लिहितात त्याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. एबीएसच्या युनिटमध्ये प्रत्येक चाकासाठी दोन झडपा असतात. एक एरवी उघडी असते, तिच्यातून ऑइल सरळ चाकाकडे जातं. दुसरी एरवी बंद. चाक लॉक व्हायला लागलं तरच उघडते आणि दाब सोडते. या बंद झडपेपलीकडे एक छोटी साठवणीची जागा आणि ऑइल परत ढकलणारा पंप असतो. बाटलीने कितीही दाब दिला तरी ऑइल उघड्या वाटेनेच जाणार, आतल्या गल्लीत अडकलेली हवा तिथेच बसून राहणार. एबीएस एकदा लागलं की झडप उघडते आणि ती हवा हमरस्त्यावर येते. नुसतं ऑइल बदलायचं असेल, टाकी कधी कोरडी पडली नसेल, तर हा प्रश्न येत नाही आणि बाटली एकटी पुरते. माझ्यासारखा वॉशर शोधत बसलात तर पुरत नाही.

उपाय म्हणजे झडपा आणि पंप हुकूम देऊन चालवणारा स्कॅनर. फक्त कोड वाचणारा स्वस्तातला चालत नाही. भाच्याकडचा आणला. त्याने पहिल्याच पडद्यावर सांगितलं: बॅटरीला चार्जर लावा, निप्पल उघडा, पेडल दाबून धरा.

पेडल दाबून धरा! म्हणजे पुन्हा बाबा.

या वेळी आवाजाचा प्रश्नच ठेवला नाही. गाडीच्या काचेसमोर टॉर्च टांगला आणि त्याचं बटण लांब वायरीने माझ्या हाताशी घेतलं. उजेड दिसला की दाबायचं, विझला की सोडायचं. बाबा एकदम शिस्तीत. स्कॅनरने पंप फिरवला की युनिटमधून कर्कश घरघर, आणि नळीतून, जिथे बाटलीने काढलेली स्वच्छ धार मी आधी बघितली होती, तिथूनच फेसाळ ऑइल. पुढच्या डाव्या चाकाला सगळ्यात जास्त, तीन वेळा करावं लागलं. चारही झाल्यावर पुन्हा बाटली लावून एक साधी फेरी मारली.

त्या गोष्टीला चार महिने झाले. पाच तारे नाहीत, चार देते. कापलेला एक तारा साखळीच्या झाकणाचा. शेजारच्या दोन गाड्यांचं ऑइलही हिनेच बदललं, दोन्ही वेळा एकटीने.

त्या दिवशी शेवटची फेरी झाल्यावर पेडल तपासायला बाबांना परत टॉर्च दाखवला आणि मी चाकाचे नट आवळायला लागले. चारही चाकं आवळली, जॅक काढला, हत्यारं पुसून पेटीत ठेवली. मग आतून आवाज आला, "सोडू का?"

टॉर्च विझवायला मी विसरले होते. पेडल केसभरही खाली गेलं नव्हतं.