दोन टाइम मेस, डबा की कूपन? पुण्यातल्या नऊ महिन्यांचा हिशेब

जुलैत पुण्याला आले तेव्हा जेवणाचा विषय पप्पांनी पाच मिनिटांत मिटवला. कॉलेजपासून चालत दहा मिनिटांवर मेस, दोन टाइम, महिन्याला ३,४०० रुपये आगाऊ. चहा-नाश्त्याला वर हजार-अकराशे, म्हणजे साडेचार हजारांत बसेल. पप्पा लातूरला शिकत होते तेव्हा त्यांचा डबा गावाकडून एसटीने यायचा. त्यामुळे साडेचार हजार हा आकडाच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता.

जेवण वाईट होतं असं मी म्हणणार नाही. पोळी तव्यावरून थेट ताटात यायची. बुधवारची मटकीची उसळ तर मी घरीही एवढी चवीने खाल्ली नसेल. वरण मात्र महिन्याच्या शेवटाला इतकं पातळ व्हायचं की वाटीच्या तळाशी कोरलेलं मेसमालकाचं नाव वाचता यायचं. रविवारी दुपारी फीस्ट: पुरी, मसालेभात आणि मोजून एक गुलाबजाम. संध्याकाळी सुट्टी.

पैसे गेले ते खाड्यात, म्हणजे न जेवलेल्या दिवसांत. मेस लावताना मी भाजी कशी असते ते विचारलं, खाडा कसा धरता ते विचारलंच नाही. इथला नियम असा: सलग तीन दिवस नसाल आणि आदल्या दिवशी वहीत लिहून सही केली असेल, तरच खाडा. पैसे परत नाहीत, तेवढे दिवस पुढे वाढवून मिळणार. मी गावी जाणार शनिवार-रविवार, म्हणजे दोनच दिवस. प्रॅक्टिकल लांबलं की मी अडीचनंतर पोचणार, तोवर काकू भांडी घासायला टाकून मोकळ्या. पहिल्या महिन्यात प्रत्येक जेवणाची फुली मी माझ्या वहीत मारली. रविवारच्या चार संध्याकाळी सोडून ५६ जेवणं माझ्या हक्काची, त्यातली जेवले ३९. म्हणजे एक ताट ८७ रुपयांना पडलं. त्याच मेसमध्ये बाहेरून आलेल्या माणसाला थाळी ८० रुपयांना मिळत होती! हुकलेल्या जेवणांच्या जागी वडापाव, मिसळ, मॅगी झाली, त्याचे चहा-नाश्त्यासकट १,४५० वेगळे. एकूण ४,८५०.

तीन महिने हे चालवून ऑक्टोबरपासून डबा लावला. दोन टाइमचे २,८००. चार पोळ्या, सुकी भाजी, वरण, भात. आदल्या रात्री नऊपर्यंत मेसेज टाकला की दुसऱ्या दिवसाचे पैसे बिलातून वजा व्हायचे, एका दिवसाचासुद्धा खाडा. दिवाळीत याचा चांगलाच फायदा झाला. पण दुपारचा डबा सव्वाबाराला रूमच्या दारात आणि मी कॉलेजात. दोन वाजता उघडावं तर पोळ्यांना वाफेचं पाणी सुटलेलं. आणि बटाटा! कोबी-बटाटा, वांगं-बटाटा, फ्लॉवर-बटाटा. एकदा झाकण हरवलं त्याचे १५० रुपयेही भरले. संध्याकाळच्या डब्याबद्दल मात्र तक्रार नाही, तो साडेसातला गरम यायचा.

खरी वाट माझ्या रूममेटमुळे सापडली. तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे पैसे मिळतात, म्हणजे सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकार देतं ते. पुण्यासारख्या मोठ्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. कॉलेजचे दहा महिने धरले तर जेवणाला महिना ३,२०० येतात, माझ्या मेसच्या फीपेक्षाही कमी. शिवाय ती रक्कम खात्यात जमा होईल तेव्हा होईल, मेसला पैसे एक तारखेला आगाऊ लागतात. त्यामुळे ती पै-पैचा हिशेब ठेवते. तिनेच आम्हाला दाखवून दिलं की एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आम्हा तिघींच्या तीन डब्यांतल्या निदान चार पोळ्या रोज सकाळी कामवाल्या मावशींच्या गाईला जातात.

जानेवारीपासून तिघींत फक्त संध्याकाळचे दोन डबे. एकाचे १,५००, म्हणजे प्रत्येकीला १,०००. भात आम्ही कुकरला लावतो. तांदूळ, डाळ, तेल, दूध, पोहे मिळून प्रत्येकी ६०० जातात. दुपारसाठी मी दुसऱ्या एका मेसची कूपनं घेते: २,००० ला ३०, मुदत ४५ दिवस. जेवले तरच कूपन फाटतं, त्यामुळे खाड्याची भानगडच नाही. महिन्यात साधारण २२ कूपनं लागतात, म्हणजे १,४७० च्या आसपास. बाहेरचं खाणं ७०० वर आलंय. सगळं मिळून पावणेचार हजार, मेसच्या पहिल्या महिन्यापेक्षा हजाराने कमी.

महिनाअखेरीला एक-दोनदा शिवभोजन थाळीही खाल्ली. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली ही राज्य सरकारची योजना, दहा रुपयांत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. दहा रुपयांना काही म्हणायला जागा नाही, पण मला पाच वाजता पुन्हा भूक लागली. रोजची सोय म्हणून धरू नका.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. आमच्या फ्लॅटमध्ये ओटा आहे. हॉस्टेलवर कुकर चालत नसेल, किंवा परीक्षेची तयारी करणारे दोन्ही वेळ ठरल्या ठोक्याला जेवत असतील, तर त्यांना दोन टाइम मेसच स्वस्त पडेल. माझ्याच मेसमध्ये ५६ च्या ५६ वेळा जेवणाऱ्याला ताट ६१ रुपयांना पडतं, माझ्या कूपनापेक्षाही कमी. फक्त खाडा किती दिवसांचा, कुठे लिहायचा, पैसे परत की दिवस पुढे, हे पैसे देण्याआधी विचारा. आणि पहिला महिना फुल्या माराच.

कूपनाचंही एक दुखणं आहे. आत्ता माझ्याकडे सात उरलीत, मुदत संपायला तीन दिवस. काल कूपनाच्या मेसमधल्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, एका वेळी दोनच फाडता येतात. म्हणजे तीन दुपारी रूममेटला सोबत नेलं तरी एक वाया जाणारच.