हनुवटीतलं इम्प्लांट, नसेचं दुखणं आणि १६ महिन्यांत वापरून पाहिलेले उपाय

हनुवटी मागे गेलेली दिसते, म्हणून मी स्वतःच्या हौसेनं सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं. त्यानंतर खालच्या ओठात आणि हनुवटीत डाव्या बाजूला जे दुखणं सुरू झालं, ते १६ महिने झाले तरी पूर्ण गेलेलं नाही. गोळ्या झाल्या, मलम झालं, पट्ट्या झाल्या, इंजेक्शन झालं, इम्प्लांट काढण्याची दुसरी शस्त्रक्रियाही झाली. कशाचा मला किती उपयोग झाला आणि कशानं वेळ वाया गेला, ते लिहिते आहे. सुरुवातीच्या महिन्यांत मी असंच काही वाचायला शोधत होते, तेव्हा हाती काही लागलं नव्हतं.

भूल उतरल्यावर ओठ बधिर होता. काही आठवडे असं राहतं, हे आधी सांगितलं होतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरंही ठरतं. माझी उजवी बाजू पाचव्या आठवड्यात जागी झाली. डावीकडे मात्र बधिरपणा जायच्या ऐवजी त्यातच आग शिरली. एकच जागा बधिर आणि दुखरी एकाच वेळी कशी असू शकते, हे मला कोणाला समजावताच येईना. टाचणी टोचली तर कळायची नाही, पण टॉवेलचा काठ घासला की डोळ्यांत पाणी यायचं. पंख्याचं वारं नको व्हायचं. दात घासताना ब्रश ओठाच्या आतल्या बाजूला लागला की कानापर्यंत सणक जायची. एका कुशीवर झोपणं बंदच झालं.

चौथ्या महिन्यात तपासणीला गेले. टाके छान भरलेत, आकार छान आलाय, थोडा धीर धरा, असं सांगून परत पाठवलं. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन चालू ठेवायला सांगितलं. या गोळ्या सूज आणि जखमेच्या दुखण्यावर काम करतात. नसेला इजा होऊन उठणाऱ्या कळांवर त्यांचा फारसा असर होत नाही. ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे मी त्या घेतच राहिले आणि पोट मात्र बिघडवून घेतलं. शस्त्रक्रियेनंतर बधिरपणाच्या जोडीला आग, सणका किंवा नुसत्या स्पर्शानं दुखणं सुरू झालं असेल, तर "धीर धरा" एवढ्यावर परत येऊ नका. नसेची तपासणी करा, असं तिथेच सांगा. शस्त्रक्रियेनंतर लगेच हे सुरू झालं तर इम्प्लांट दाबतंय का, हे पाहण्यात काही दिवसांचाही फरक पडू शकतो.

पाचव्या महिन्यात वेदना-उपचारांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कसं दुखतं?" मी म्हटलं, "खूप." त्या म्हणाल्या, "किती ते नंतर. कसं ते सांगा. ठणकतं? सणक येते? चुरचुरतं?" आणि मग माझं तोंड उघडलं. ठणका नाही. ठसठसही नाही. भगभग सतत असते, मिरची लागल्यासारखी. तिच्यात मधूनच सणक येते, विजेचा झटका बसावा तशी, दोन सेकंदांत जाते. संध्याकाळी मुंग्या येतात. त्या लिहून घेत होत्या. मग सांगितलं की ठणका असता तर जंतुसंसर्गाचा किंवा सुजेचा विचार आधी केला असता. भगभग, सणक आणि झिणझिण्या हे नसेचं बोलणं आहे. आपल्या भाषेत दुखण्याला इतके वेगवेगळे शब्द आहेत आणि मी पाच महिने सगळ्यांना नुसतं "दुखतंय" एवढंच सांगत होते.

त्यांनी कापसानं, टाचणीच्या टोकानं आणि गार धातूनं दोन्ही बाजू तपासल्या. जिथे स्पर्श वेगळा लागला, तिथे पेनानं रेघ काढली. आरशात पाहिलं तर डावा अर्धा ओठ आणि हनुवटीचा एक तुकडा, नेमका नकाशा निघाला होता. मेंटल नर्व्ह नावाची नस खालच्या जबड्याच्या हाडातल्या एका छिद्रातून, साधारण पुढच्या दाढांच्या मुळांखाली, बाहेर येते आणि खालचा ओठ, हनुवटीची कातडी आणि पुढच्या हिरड्यांची संवेदना मेंदूकडे नेते. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांपैकी पाचवी, चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल, तिची ही शेवटची फांदी. हनुवटीचं इम्प्लांट याच छिद्राच्या शेजारी बसतं. शस्त्रक्रियेत नस ताणली जाऊ शकते, इम्प्लांटचा पंख, म्हणजे बाजूला निमुळतं होत गेलेलं टोक, वर सरकून तिच्यावर दाब येऊ शकतो, किंवा ती जखमेच्या व्रणात अडकू शकते. गालाच्या इम्प्लांटमध्ये हाच धोका डोळ्याखालच्या इन्फ्राऑर्बिटल नसेला असतो. माझ्या दुखण्याला त्यांनी नाव दिलं: इजेनंतरची ट्रायजेमिनल न्यूरोपॅथी, म्हणजे इजा झालेल्या त्या नसेचं दुखणं. त्या रात्री दुखणं तेवढंच होतं, तरी मी झोपले.

त्याआधीच्या महिन्यांत मला दुखण्याइतकीच लाज छळत होती. अपघात झाला असता तर लोक विचारपूस करतात. इथे मी स्वतः हट्टानं करून घेतलेलं होतं. "कोणी सांगितलं होतं?" हा प्रश्न कोणी तोंडावर विचारला नाही, पण मीच मला रोज विचारत होते. आईला तर बरेच दिवस कळूच दिलं नाही. शेवटी तिनंच विचारलं, "अगं, घास घेताना दर वेळी डोळे का मिटतेस?" तेव्हा सगळं सांगितलं. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं की पुढची तपासणी कधी आहे आणि मी येऊ का सोबत. एका टप्प्यावर मनात जगणं नको असे विचार येऊ लागले होते, ते मी डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ते दुखण्याच्या उपचाराचाच भाग म्हणून घेतलं आणि त्याच आठवड्यात समुपदेशकांशी गाठ घालून दिली. तुम्हालाही असे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, आजच कोणाशी तरी बोला.

आता औषधं. पहिलं गाबापेंटिन, रात्री ३००ने सुरुवात, मग हळूहळू दिवसाला ९०० मिलिग्रॅम. पहिले दहा दिवस गुंगी इतकी की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. नंतर ती कमी झाली. सणकांवर फरक पडला, भगभग तशीच. वजन चार किलोनं वाढलं. गोळी एकदम बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा वेगळी लागते, हेही. दुसरं अमिट्रिप्टिलिन, रात्री १० मिलिग्रॅम, पुढे २५. हे मुळात नैराश्याचं औषध, पण नसेच्या दुखण्यावर त्याहून कमी मात्रेत देतात. माझ्या भगभगीवर खरा उपयोग याचाच झाला, आणि झोपेवरही. तोंड मात्र सतत कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दात किडतात, म्हणून मी उशाशी पाणी ठेवते आणि दातांची तपासणी चुकवत नाही.

या गोळ्यांकडून किती अपेक्षा ठेवायची, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. नसेच्या दुखण्यावरच्या औषधांचा एक मोठा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या साखरेच्या गोळीशी तुलना करता एका जास्तीच्या रुग्णाचं दुखणं निम्म्यावर यावं, यासाठी अमिट्रिप्टिलिनच्या गटातलं औषध साधारण चौघांना द्यावं लागतं. गाबापेंटिन आणि त्याच गटातल्या प्रीगाबालिनच्या बाबतीत हा आकडा सहा ते आठच्या घरात जातो. म्हणजे पहिल्या औषधानं गुण आला नाही तर ते तुमच्या मनाचे खेळ नाहीत, आणि सगळं संपलं असंही नाही. डॉक्टरांनी दुसरं सुचवलं तर घेऊन पाहावं. मात्र आठवडाभरात ठरवू नये. मला अमिट्रिप्टिलिनचा फरक चौथ्या आठवड्यात जाणवला.

लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची ५ टक्क्यांची, कातडीवर चिकटवायची पट्टी हा माझा सर्वांत आवडता उपाय. मागचा प्लास्टिकचा पापुद्रा (लायनर) काढण्याआधी ती हव्या त्या आकारात कापता येते. मी हनुवटीपुरता तुकडा कापते, बारा तास लावते, बारा तास काढून ठेवते. ओठावर ती लावत नाही. बाहेर वारा असेल किंवा लांबचा प्रवास असेल, त्या दिवशी ही नसती तर मी घराबाहेर पडलेच नसते. भगभग जात नाही, पण कातडीला काही लागलं की येणारी कळ बोथट होते. मिरचीतल्या द्रव्याचं कॅप्सेसिन मलमही लावून पाहिलं. चार दिवसांत सोडलं. चेहऱ्यावर ते मला अजिबात सोसलं नाही, आणि एकदा धुतलेला हात डोळ्याला लागला तरी अर्धा तास डोळा उघडता आला नाही.

सहाव्या महिन्यात नसेजवळ भुलीचं इंजेक्शन दिलं, उपचार म्हणून नव्हे, तपासणी म्हणून. पाच मिनिटांत दुखणं थांबलं. पूर्णपणे. मी घरी येऊन टॉवेल गालावर, ओठावर, हनुवटीवर दाबून धरला आणि रडले. तीन तासांनी सगळं परत आलं. पण त्या तीन तासांनी एक गोष्ट कळली: दुखण्याचा मोठा भाग अजून त्या जागेवरूनच येत होता. त्यानंतरच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, इम्प्लांटचा डावा पंख वर, थेट त्या छिद्राला टेकलेला दिसला.

सातव्या महिन्यात दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी, जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी, ते काढलं. नस तुटलेली नव्हती. दबलेली होती आणि व्रणात गुरफटलेली. सिलिकॉनभोवती शरीर एक पिशवी तयार करतं, त्यामुळे ते त्यामानानं सहज निघतं. सच्छिद्र पॉलिएथिलीनच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या प्लास्टिकच्या, इम्प्लांटमध्ये ऊती आत शिरतात आणि ते काढणं बरंच अवघड जातं. ज्यांचं ते आहे त्यांनी हा प्रश्न आधीच विचारावा. काढल्यावर सणका दिवसाला वीसेकवरून तीनचारवर आल्या. भगभग निम्मी झाली, गेली नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, म्हणून मी महिने मोजत बसले होते. पण दाब निघाला तरी इतके महिने सतत संदेश घेऊन मेंदूकडची वाटच संवेदनशील होऊन बसते, आणि ती शांत व्हायला वेगळा वेळ लागतो. हनुवटीची कातडी थोडी सैल पडली, हसताना एक खळगा दिसतो. त्याचं मला आता काही वाटत नाही.

वाट शांत करण्यासाठी जे केलं ते सर्वांत साधं आणि सर्वांत कंटाळवाणं. दिवसातून चार वेळा, पाच पाच मिनिटं, त्या नकाशाच्या कडेपासून आत येत स्पर्शाची सवय करायची. आधी रेशमी कापड, मग कापूस, मग सुती कापड, शेवटी टॉवेल. आरशात पाहत, उजव्या बाजूला एकदा, डाव्या बाजूला एकदा. कळ दहापैकी चारच्या वर गेली की थांबायचं. मी आधी हट्टानं सोसायला गेले आणि दोन दिवस भगभग भडकली. रेशमावरून सुतीवर यायला मला सात आठवडे लागले. गोळ्यांनी जे केलं नाही ते यानं केलं: आता कुशीवर झोपता येतं.

वहीत रोज तीन गोष्टी लिहिते: भगभग किती, सणका किती, आणि दुखण्यामुळे काय करायचं राहिलं. तिसरा रकाना समुपदेशकांनी सुचवला. आकडा पाचाचा तीन व्हायला महिने गेले, पण त्या रकान्यात "फोनवर बोलले नाही", "फिरायला गेले नाही", "कोणाला जवळ घेतलं नाही" या ओळी आठव्या महिन्यापासून विरळ होत गेल्या. गेल्या महिन्यात तो रकाना अकरा दिवस कोरा आहे.

आज भगभग दोनवर, सणक एखादी, तीही बहुतेक गार वाऱ्यात. ओठाच्या कोपऱ्यात अजून थोडी जागा बधिर आहे. गरम चहाचा पहिला घोट मी उजव्या बाजूनंच घेते. पुढच्या महिन्यात गाबापेंटिनची मात्रा १००नं कमी करून पाहायची आहे. अमिट्रिप्टिलिनला सध्या हात लावायचा नाही, असं डॉक्टरांचं आणि माझं ठरलं आहे.