जावा नवी करून देतो म्हणाला : १,५३,७०० रुपये आणि वडिलांचं इंजिन

आकडा आधीच सांगतो. १,५३,७०० रुपये. त्याशिवाय अण्णांच्या १९७१ च्या जावा मोटरसायकलचं मूळ इंजिन, मूळ जिकोव्ह कार्ब्युरेटर आणि स्पीडोमीटर. बदल्यात घरी आली ती मरून रंगाची एक चकचकीत गाडी, जिच्या इंजिनावर आमच्या आरसी बुकातला नंबर कुणीतरी हाताने पंच मारून उठवलाय. माणसाचं आणि वर्कशॉपचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तशी ताकीद दिलीय. पण पद्धत सांगायला बंदी नाही.

"एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च कशाला केलात" हे ज्यांना विचारायचंय त्यांनी कृपा करून विचारू नये. ते घरी रोज ऐकतोय.

अण्णा साखर कारखान्यात ऊस पर्यवेक्षक होते. त्या गाडीवर त्यांनी तालुक्यातले सगळे मळे पालथे घातले. ते गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत उभी राहिली, पण कागदपत्रं मी मरू दिली नाहीत. दर पाच वर्षांनी पासिंग केलं, पर्यावरण कर भरला. नोकरीतून मोकळा झाल्यावर ठरवलं की आता हिला पुन्हा रस्त्यावर आणायची. पोराला ती कापून, मागचं मडगार्ड उडवून बॉबर, म्हणजे कापून आखूड केलेली फॅशनेबल गाडी, करायची होती. मी म्हटलं, फ्रेमला कटर लागला तर माझ्याशी गाठ आहे. (ज्यांना असले प्रकार करायचेत त्यांच्यासाठी : मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे नोंदलंय त्यात असा फेरफार चालत नाही. दुकानदार 'सगळेच करतात' म्हणतो, दंड तुम्ही भरता.)

गाडी नवी करून देणारा हा गडी रील्समधून सापडला. पुण्याबाहेर हायवेला शेड, समोर ओळीने लावलेल्या जावा, येझदी, राजदूत. मी जाऊन बघून आलो. फोनवर भाळून पैसे पाठवणारा मी नव्हे. शेडमध्ये लेथ होतं, दोन पोरं काम करत होती, हा स्वतः हात काळे करून बसलेला. "काका, तुमची गाडी म्हणजे खजिना आहे. जावाचा म्हैसूरचा कारखाना ९६ ला बंद पडला, आता असं इंजिन बघायला मिळत नाही." हे तो अगदी खरं बोलला. खजिना आहे हे मला कळायच्या आधी त्याला कळलं होतं, एवढंच.

पुढचा क्रम तुम्हाला पाठ असेल. आधी ॲडव्हान्स, मग 'खोलल्यावर कळलं काका', मग आणखी पैसे. माझे गेले ते असे : लेबरचा ॲडव्हान्स ४०,०००. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि बोअर १८,५००. क्रोम २२,०००. रंग आणि टाकीवरच्या सोनेरी रेषा १६,०००. 'जुना कार्ब्युरेटर गेला, बाहेरून मागवावा लागेल' याचे १४,५००. रिम, स्पोक, टायर ११,७००. गाडी तयार होऊन पडून राहिली म्हणून जागेचं भाडं ३,०००. आणि व्हिंटेज, म्हणजे खूप जुन्या गाड्यांच्या खास नोंदणीचे २८,०००, त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो, कारण ती सगळ्यांत हुशार चोरी होती. पहिले ४०,००० सोडले तर सगळे पैसे त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेले. "माझ्या खात्याला लिमिट आहे काका." ज्या माणसाला पैसे देताय त्याच्या नावाचं खातं नसेल तर तिथेच थांबा. पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला आजही रात्री जाग येते.

त्याने इंजिन सुरू केल्याचा व्हिडिओ पाठवला. जावाचा तो आवाज, दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धूर. घरात सगळे गोळा झाले, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तेविसाव्या सेकंदाला कॅमेरा इंजिन नंबरवरून फिरतो. इंजिनाचं कव्हर सगळीकडून मळकट, फटींत काजळी, आणि नंबरची तेवढीच पट्टी कानस मारल्यासारखी लख्ख. आकडे एका रेषेत नाहीत, एक खोल, एक उथळ. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं बनवण्यात गेलीय. डायवर, म्हणजे साच्यावर, नंबर पंच मारणं हे माझं रोजचं काम होतं. हातोडीने एकेक आकडा मारला की खोली सारखी येत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आणि मी तो व्हिडिओ बघितला, थांबवून बघितला, आणि म्हणालो, "अरे वा, नंबरची जागासुद्धा साफ केली पोरांनी."

यावर नातेवाइकांनी मला पुरेसं ऐकवलंय, तर माझीही बाजू लिहितो. फोनची स्क्रीन तळहाताएवढी. व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून आलेला, अर्धा धूसर. शेजारी आई रडतेय, पोरगा 'फुल्ल आवाज करा' म्हणतोय. आणि माणूस गाडी दुरुस्तीला देतो तेव्हा इंजिनाचा नंबर खोटा असेल या संशयाने बघतो का? माझ्या जागी कुणीही असता तर त्याने आवाजच ऐकला असता. बायको म्हणते, तुम्हीच तर पंचवाले. आता यावर काय बोलणार.

म्हणून सांगतो, गाडी वर्कशॉपला देण्याआधी इंजिन नंबर आणि चासी (सांगाडा) नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. फोटो नको, ठसाच. फोटोत खोली दिसत नाही. कार्ब्युरेटर, स्पीडोमीटर, डायनॅमो, हेडलाइटची वाटी, प्रत्येकावर आतल्या बाजूने स्क्रायबरने, म्हणजे टोकदार सुईने, आपली खूण करा आणि ती त्याला सांगू नका. आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागा, अगदी फुटलेला ऑइल सीलसुद्धा. मी मागितले होते. "भंगारात गेले काका, पोरांनी टाकले." जावाचे मूळ पार्ट कुणी भंगारात टाकत नाही. ते विकले जातात, आणि चांगल्या भावाने.

व्हिंटेज नोंदणीचं आता. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने नियम काढला, पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी. नव्या नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं, पुढे ५,०००. 'व्हीए' अक्षरांची खास मालिका. हे सगळं खरं आहे, आणि म्हणूनच मी फसलो. त्याने २०,००० सरकारी आणि ८,००० एजंटचे सांगितले. मी घरी येऊन नियम शोधला, फी जुळली, पैसे दिले. खोटा माणूस खरा आकडा सांगेल असं कुणाला वाटतं? पण त्याच नियमात आणखी दोन गोष्टी आहेत. ज्या गाडीची आधीच नोंदणी आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. म्हणजे आमचा तीन अक्षरांचा, १९८९ च्या आधीचा नंबर काढून 'व्हीए'ची हौस करायची गरजच नव्हती. आणि गाडी मूळ रूपात हवी, चासी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. इंजिनच दुसरं टाकल्यावर कसली व्हिंटेज? वर अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज मळ्यावर जायची असेल तर त्या वाटेला जाऊच नका. फी सरकारी पोर्टलवर भरली जाते आणि पावती तिथल्या तिथे मिळते. पावती 'नंतर पाठवतो' असं कुणी म्हणालं तर फी भरलेलीच नाही असं समजा.

त्याने मला एक अर्ज क्रमांक पाठवला होता. पोर्टलवर तो निघेना. म्हणून गाडी घेऊन आरटीओत गेलो, आणि तिथून जे सुरू झालं त्याने पैसे गेल्याचं दुःख मागे टाकलं.

तिथल्या इन्स्पेक्टरने फडक्याने नंबर पुसला, वाकून बघितलं आणि विचारलं, "हा नंबर तुम्ही मारला?" मी! सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा, तोवर या गाडीचं काही होणार नाही. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, आरटीओने नंबर खोटा असल्याचं लेखी दिलंय का? परत आरटीओ. तिथे उत्तर, पोलिसांनी लेखी मागितलं तर देऊ. परत पोलीस. ते म्हणतात, गुन्हाच दाखल नाही तर मागू कशाच्या आधारावर? मी म्हटलं, मग गुन्हा दाखल करा. तर म्हणे वर्कशॉप आमच्या हद्दीत नाही. तिकडच्या ठाण्यात गेलो, दिवसभर बाकावर बसवलं, आणि संध्याकाळी सांगितलं की पैसे तुम्ही स्वखुशीने दिलेत, गाडी तुम्हाला मिळालेली आहे, हे दिवाणी प्रकरण आहे. आणि जाता जाता, "काका, नंबर छेडलेली गाडी तुमच्या ताब्यात आहे. आम्ही मनावर घेतलं तर ती जमा करावी लागेल, बघा." ज्याने चोरी केली तो शेडमध्ये बसून नवीन रील टाकतोय आणि दम मला.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. ऑनलाइन पैसे गेलेत ना, मग? पलीकडची मुलगी नम्र होती, पण म्हणाली, ओळखीच्या माणसाला कामाचे पैसे दिलेत, हा सायबर फ्रॉड होत नाही. बँकेत गेलो, मेहुण्याचं खातं गोठवा म्हटलं. पोलिसांचं पत्र आणा. झालं, परत तिथेच. आमदारांच्या कार्यालयात एका पोराने अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि त्याच ढिगात ठेवला जिथे रस्त्याचे आणि विहिरीचे अर्ज होते.

हे नंतर एका निवृत्त फौजदाराने सांगितलं, म्हणून लिहून ठेवतो. हद्दीचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. ठाण्यात ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी द्या, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. तक्रारीत 'फसवणूक' एवढाच शब्द लिहू नका. दिलेली वस्तू परत न करणं हा विश्वासघाताचा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ३१६, आणि फसवणुकीचं ३१८. माझ्या पहिल्या अर्जात चार पानं अण्णांच्या आठवणी होत्या आणि इंजिन नंबर कुठेच नव्हता. तो अर्ज लिहून देणाऱ्याने ६०० रुपये घेतले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोच आली. उत्तर नाही.

शेवटी ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पुण्याला खेटे नकोत. दोन वर्षांच्या आत करायची. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. कच्ची बिलं का होईना, जपून ठेवा. माझ्याकडे पक्कं बिल एकही नव्हतं, पण व्हॉट्सॲपवर त्याने प्रत्येक रकमेपुढे कशाचे ते स्वतः टाइप केलं होतं. वकील म्हणाले, हेच आपलं बिल. बोलणं कितीही गोड असो, रक्कम फोनवर ठरली तरी नंतर मेसेजमध्ये लिहून घ्या.

क्रोमचं राहिलं. २२,००० चं क्रोम पहिल्या पावसाळ्यात टाकीच्या कडेने फुगलं. तांब्याचा थर, मग निकेल, मग क्रोम असं चढवायचं असतं. याने तांबं गाळलंय हे आमच्या एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्याने नखाने खरवडून दाखवलं. टाकीच्या बुडाला अण्णांनी पितळी डाग देऊन घेतला होता. तोही सापडत नाही, म्हणजे टाकीसुद्धा आमची नव्हे. हे आयोगातल्या यादीत नंतर जोडायला लागलं.

तारखा पडताहेत. त्याच्या वकिलाने पहिल्या तारखेला मुदत मागितली, दुसऱ्या तारखेला तो आलाच नाही. कुणाला १९७० च्या आसपासच्या जावाचं इंजिन 'कागदाविना, स्वस्तात' कुणी देऊ करत असेल तर घेण्याआधी नंबराची पट्टी बघा. ती कानसलेली असेल तर ते माझं किंवा माझ्यासारख्या कुणाचं तरी आहे.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, इतक्या दिवसांनी. तक्रार मागे घेतली आणि ९,००० 'फायनल सेटलमेंट' दिले तर गाडीची ओरिजिनल चावी पाठवतो म्हणे. जावाची चावी! ज्यांनी जावा चालवलीय ते आत्ता हसत असतील. खिळा घातला तरी ती गाडी चालू होते. वकिलांना स्क्रीनशॉट पाठवलाय, पुढच्या तारखेला तोही जोडतोय.