जेएमआरआय: रुळांवर धावणाऱ्या संग्रहाची नोंदवही

मॉडेल रेल्वेचा संग्रह शंभरी ओलांडू लागला की यादी ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. प्रदर्शनात एखादी मालगाडीची वाघीण हातात धरलेली असताना ती आपल्याकडे आधीच आहे की नाही हे जागच्या जागी कळावे लागते. घरविम्याच्या कंपनीला, किंवा उद्या वारसांना, कोणती वस्तू कधी आणि कितीला घेतली हे दाखवावे लागते. आणि अमेरिकेत राहून एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या, गाड्या जमवणाऱ्या माझ्यासारख्याला शिवाय हेही लक्षात ठेवावे लागते की कोणत्या इंजिनात कोणता डीकोडर (रुळांतून आलेल्या आज्ञा ओळखून इंजिन चालवणारी चिप) आहे, त्याचा पत्ता, म्हणजे आज्ञा देण्याचा क्रमांक, काय आणि कोणती कळ दाबली की भोंगा वाजतो. जेएमआरआय ही मोफत संगणकप्रणाली या शेवटच्या गरजेतून जन्माला आली, आणि यादी ठेवण्याचे साधन म्हणून तिचे गुण आणि उणिवा दोन्ही तिथूनच येतात. काय धावते आहे हे तिला नेमके ठाऊक असते. कपाटात काय पडून आहे याच्याशी तिला फारसे कर्तव्य नाही.

जेएमआरआय म्हणजे जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ती चालते, रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. तिच्या पाचव्या मालिकेला जावाची अकरावी किंवा नंतरची आवृत्ती लागते. यादीच्या दृष्टीने तिचे दोन भाग महत्त्वाचे आहेत: इंजिनांसाठी डीकोडरप्रो आणि वाघिणी-डब्यांसाठी ऑपरेशन्सप्रो. सिग्नल आणि रुळांचे सांधे सांभाळणारा पॅनेलप्रो हा भाग या परीक्षणापुरता बाजूला ठेवतो.

डीकोडरप्रोमधील इंजिनांच्या यादीला रोस्टर म्हणतात, आणि ती भरण्याची पद्धत हाच तिचा सर्वांत मोठा गुण आहे. नवे इंजिन प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डीकोडर वाचण्या-बदलण्यासाठी राखलेल्या, रुळावर ठेवून ओळख पटवण्याची आज्ञा दिली की प्रणाली डीकोडरमधला आठव्या क्रमांकाचा सीव्ही (डीकोडरमध्ये एकेक आकडा साठवणारा कप्पा) वाचते. तिथे १५१ आला तर डीकोडर ईएसयूचा, १४१ आला तर साउंडट्रॅक्सचा, १२९ आला तर डिजिट्रॅक्सचा. सातव्या सीव्हीतून आवृत्ती कळते आणि पडद्यावर त्या जातीच्या डीकोडरचे सर्व पर्याय वाचता येतील अशा नावांनी मांडले जातात. कारखान्यातून बहुतेक डीकोडर ३ हा पत्ता घेऊन येतात. तो बदलून इंजिनाच्या अंगावर रंगवलेला चार आकडी क्रमांक द्यायचा झाला, तर सतराव्या आणि अठराव्या सीव्हीतील आकडेमोड आणि एकोणतिसाव्यातील एक बिट बदलणे ही कामे प्रणाली स्वतःच उरकते. मग नोंदीत रेल्वे कंपनीचे नाव, क्रमांक, निर्माता, मॉडेल, मालक आणि शेरा लिहून ती जतन करायची. पुढे कधी तेच इंजिन पुन्हा रुळावर ठेवून ओळखण्याची आज्ञा दिली, तर पत्ता वाचून प्रणाली त्याची जुनी नोंद शोधून देते. खोक्यावरील चिठ्ठी हरवलेल्या इंजिनाची ओळख अशी त्याच्या पोटातूनच पटते. स्प्रेडशीटमध्ये ही सोय कितीही कौशल्य लावले तरी आणता येत नाही.

या नोंदी नुसत्या पडून राहत नाहीत, हेही महत्त्वाचे. घरातल्या वायफायवर विथ्रॉटल सर्व्हर, म्हणजे फोनवरून गाड्या चालवू देणारा जेएमआरआयचा भाग, सुरू केला की अँड्रॉइडवरील इंजिन ड्रायव्हरसारख्या उपयोजनात तीच यादी नावांसकट उमटते, आणि रोस्टरमध्ये आपण ज्या कळीपुढे ‘घंटा’ लिहिले असेल तिच्यावर फोनमध्येही ‘घंटा’ असेच दिसते. यादी रोज वापरात असल्यामुळे चुकीची नोंद फार काळ दडून राहत नाही. संग्राहकांच्या बहुतेक याद्या पहिल्या उत्साहानंतर शिळ्या होतात, त्या या वापराच्या अभावी.

इथे थोडे विषयांतर करतो. प्रत्येक जातीच्या डीकोडरची माहिती देणाऱ्या ज्या फायलींवर हे सारे उभे आहे, त्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे लिहिलेल्या आहेत, आणि त्यांच्यावरून अमेरिकेत एक गाजलेला खटला झाला. प्रकल्पाचे एक मुख्य कार्यकर्ते बॉब जेकबसन यांनी, या फायली परवान्याच्या अटी न पाळता दुसऱ्याच्या विक्रीच्या प्रणालीत वापरल्या गेल्या, असा दावा लावला होता. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने असा निर्वाळा दिला की फुकट वाटलेल्या कामाच्या परवान्यातील अटींचा भंग हाही स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो. मुक्त प्रणालींच्या कायद्यात आज हा निकाल आधार म्हणून दिला जातो. खेळण्यातल्या आगगाड्यांनी कायद्याला एवढे काम लावले, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

डीसीसीचे, म्हणजे रुळांतून डीकोडरला आज्ञा पाठवण्याच्या पद्धतीचे, यंत्र संगणकाला जोडलेले नसले तरी नोंदी करता येतात. पसंतीच्या चौकटीत एखाद्या यंत्राचा सिम्युलेटर निवडला की प्रणाली निमूटपणे चालू होते आणि डीकोडरची जात हाताने निवडून इंजिन यादीत घालता येते. छायाचित्रांच्या पानावर इंजिनाचे चित्र जोडता येते आणि त्याच पानावर आपल्या मनाने मथळा आणि त्यापुढे मजकूर अशा जोड्या घालता येतात. खरेदीची तारीख, किंमत, खोक्याचा क्रमांक या गोष्टी मी तिथेच लिहितो. भारतीय इंजिनांच्या प्रतिकृती बाळगणाऱ्यांना ही सोय विशेष उपयोगी पडेल, कारण मूळ रकाने अमेरिकी पद्धतीचे आहेत: रेल्वेच्या नावापुढे ‘मध्य रेल्वे’ लिहिता येते, पण डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन कल्याणच्या शेडचे की पुण्याच्या शेडचे, हे लिहायला स्वतंत्र जागा नाही. ती अशा जोडीने करून घ्यावी लागते. मात्र या जोड्यांतील किमतींची बेरीज प्रणाली करून देत नाही, आणि विमावाल्यांना तर नेमकी तीच हवी असते.

वाघिणींकडे वळलो की चित्र पालटते. पुण्यात कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या प्रेक्षकांसाठी धावतात. इकडे अमेरिकेत तळघरातल्या मांडणीवर मंडळी अनेकदा रेल्वेचे कामकाजच चालवतात, म्हणजे प्रत्येक वाघिणीला माल आणि मुक्काम नेमून देऊन गाडीगणिक शंटिंगची यादी काढतात. ऑपरेशन्सप्रो याच खेळासाठी रचलेले आहे. त्यामुळे तिथे वाघिणीचा प्रकार, लांबी, रंग, मालक, बांधणीचे वर्ष आणि ती आत्ता कोणत्या ठिकाणच्या कोणत्या रुळावर उभी आहे, याला मान आहे. किंमत आणि आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचता येणारी ओळखचिठ्ठी) यांचे रकाने आहेत, परंतु ते प्रणालीच्या पर्यायांत जाऊन चालू करावे लागतात.

सर्वांत बोलकी अडचण पुनरावृत्तीची आहे. ऑपरेशन्सप्रो वाघीण ओळखते ती रेल्वेचे नाव आणि क्रमांक यांच्या जोडीवरून, आणि तीच जोडी दुसऱ्यांदा घेत नाही. कामकाज चालवणाऱ्याला हे हवेच असते, कारण खऱ्या रेल्वेवर एका क्रमांकाच्या दोन वाघिणी नसतात. संग्राहकाकडे मात्र त्याच क्रमांकाच्या दोन असू शकतात, एक रुळावरची आणि एक खोक्यातून न काढलेली, आणि दुसरीची नोंद करायची तर क्रमांकापुढे एखादे अक्षर जोडून प्रणालीची समजूत घालावी लागते. दुकानात उभे राहून ‘ही आहे का आपल्याकडे’ पाहणाऱ्याला मात्र हीच कडक शिस्त पहारेकऱ्यासारखी उपयोगी पडते.

एक सोय अनपेक्षित आणि गोड आहे. वाघिणीची लांबी खऱ्या फुटांत भरली की एका बटणावर प्रणाली तिचे योग्य वजन काढून देते. एनएमआरए या अमेरिकी संघटनेच्या शिफारशीनुसार एचओ मापात मूळ एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस असे वजन असावे. चाळीस फुटी बॉक्सकार, म्हणजे बंद वाघीण, या मापात साडेपाच इंचांची भरते, म्हणजे तिचे वजन साधारण पावणेचार औंस, १०६ ग्रॅमच्या आसपास हवे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाघीण ठेवून हा आकडा जुळवताना हलक्या, वळणावर घसरणाऱ्या वाघिणी यादी करता करताच सापडतात.

उणिवा आणखीही आहेत. इंजिनांचे रोस्टर आणि ऑपरेशन्सप्रोमधील इंजिनांची यादी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीतून दुसरीत नोंदी आणण्याची आज्ञा आहे खरी, तरीही दोन वह्या सांभाळल्यासारखे होतेच. इमारती, न जोडलेले संच, सुटे रूळ, कपलरची (डबे जोडणाऱ्या आकड्यांची) पाकिटे यांना कुठेच थारा नाही. खिडक्यांचे रूप जुन्या वळणाचे आहे आणि नवख्याला पहिली संध्याकाळ मेनू शोधण्यात घालवावी लागेल.

तरीही विक्रीच्या, दिसायला देखण्या यादीप्रणालींऐवजी मी हिच्याकडे राहिलो, ते माहितीच्या साठवणीमुळे. प्रत्येक इंजिनाची एक्सएमएल फाइल वेगळी असते, ती साध्या मजकूर संपादकातही उघडते, आणि मुख्य सूचीची फाइल बिघडली तर सुट्या फायलींवरून ती पुन्हा बांधून घेता येते. वापरकर्त्याच्या फायलींचा एक फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवला की सारा संग्रह सुरक्षित. एका व्यक्तीने लिहून विकलेल्या बंदिस्त प्रणालीत ही खात्री नसते. लेखकाने हात आखडता घेतला की वीस वर्षांच्या नोंदी त्या प्रणालीच्या आत अडकून राहतात.

विम्याचा कागद तयार करायचा असेल तर ऑपरेशन्सप्रोमधील वाघिणींची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुरात) काढावी, ती लिबरऑफिस कॅल्क या मोफत स्प्रेडशीटमध्ये उघडून किमतींच्या रकान्याची बेरीज करावी आणि इंजिने व इमारती त्याच तक्त्यात खाली हाताने लिहाव्यात. उलट दिशेनेही सीएसव्ही आत घेता येते, पण तेव्हा रकान्यांचा क्रम प्रणालीने ठरवलेलाच लागतो: आधी क्रमांक, मग रेल्वे, मग प्रकार आणि लांबी. ज्यांची यादी आधीच स्प्रेडशीटमध्ये आहे त्यांनी चार-पाच वाघिणी नमुन्यादाखल हाताने भराव्यात, त्या बाहेर काढून क्रम पाहून घ्यावा आणि मगच उरलेल्या आत घालाव्यात. ज्यांचा संग्रह काचेच्या कपाटातच राहणार आहे, ज्यांच्याकडे डीसीसी नाही आणि येण्याची शक्यताही नाही, त्यांनी या वाटेला न जाता कॅल्कवरच थांबावे.