आवाज जपावा की माणूस पुन्हा बोलता करावा?

नागपुरात महाल भागातल्या आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान गेल्या वर्षी वारले. ‘बर्डीवरून येताना संत्री आणतो’ हा त्यांचा मोबाइलवरचा निरोप काकू रोज ऐकतात. आता मुलगा म्हणतो, अशा निरोपांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) उत्तरे देणारे बाबा, म्हणजे त्यांची बोलती प्रतिकृती, तयार करून घेऊ.

खर्चात तुलनाच नाही: ध्वनिफिती दोन ठिकाणी उतरवून ठेवल्या की झाले, बोलत्या प्रतिकृतीला बहुधा वर्गणी भरत राहावी लागते आणि सेवा बंद पडली तर माणूस दुसऱ्यांदा जातो.

खरा प्रश्न संमतीचा आहे. ध्वनिफितीतला शब्द त्यांचाच असतो. प्रतिकृती मात्र त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्ये त्यांच्या तोंडी घालते, आणि नाही म्हणायला ते उरलेले नाहीत. कायद्याचा आधारही तोकडा आहे. सुशांतसिंह राजपूत यांच्या वडिलांचा मुलाच्या आयुष्यावरच्या चित्रपटाविरुद्धचा अर्ज फेटाळताना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खासगीपणाचे आणि स्वतःच्या व्यक्तिमत्त्वावरचे हक्क व्यक्तीबरोबरच संपतात, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतरसाठी प्रतिनिधी नेमण्याची तरतूद आहे, पण ती नेमणूक हयातीतच करावी लागते.

ज्यांना आठवण हवी, त्यांना ध्वनिफिती पुरतात. ज्यांच्या माणसाने हयातीत लेखी होकार देऊन वापराची मर्यादाही सांगून ठेवली असेल, त्यांनीच प्रतिकृतीचा विचार करावा. काकूंकडे तसा कागद नाही.